नावेचा पंखा

नागपूरच्या इतवारींत लोहा ओळ आहे. तेथें बोल्ट घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधीं दोन गोष्टी विचारतो: जाडी किती सूत, आणि आटे बारीक कीं मोठे? सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मेट्रिक मापें देशांत रुजून साठाहून अधिक वर्षें झालीं, तरी लोखंडाच्या बाजारांतून सूत गेलेलें नाहीं. जाडी बरोबर पण आटे वेगळे, असा बोल्ट कोणी घरीं नेला तर तो नटांत दीड-दोन फेरे जाऊन अडकतो. पान्यानें जोर केला तर दोहोंचेहि आटे जातात. इतवारींत वाढलेल्या मुलाला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु हेंच मळसूत्र जेव्हां नावेच्या इंजिनाला लागतें आणि त्याची किंमत हजारों रुपये होते, तेव्हां चांगलीं शिकलेलीं माणसेंहि आट्यांचा प्रश्न विचारावयाचें विसरतात.

नावेला पुढें ढकलणारा प्रोपेलर हा मळसूत्राचाच एक प्रकार आहे. कोकणांतले कोळी त्याला पंखा म्हणतात, आणि हाच शब्द सोयीचा आहे. नवा पंखा हातांत घेऊन त्याच्या मधल्या तुंब्याकडे पाहिलें, तर तेथें बहुधा दोन आंकडे आढळतात. उदाहरणार्थ, १०⅜ × १३. लोहा ओळीच्या भाषेंत दहा इंच तीन सूत, आणि तेरा इंच. पहिला आंकडा व्यासाचा, म्हणजे पात्यांचीं टोकें फिरतांना जें वर्तुळ काढतात त्याचा. दुसरा पिचचा, म्हणजे आट्याचा. पंखा पाण्यांत न फिरतां लाकडांत स्क्रूसारखा फिरला असता, तर एका फेऱ्यांत तो जितका पुढें गेला असता तें अंतर म्हणजे त्याचा पिच.

ज्या शहराला समुद्र शेंकडों किलोमीटर दूर, त्या शहरांत ही चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेनें दिलें आहे. त्या रात्रीं कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, आणि नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. आदल्या सायंकाळीं ज्या रस्त्यांवरून मोटारी धांवत होत्या, तेथून माणसें नावांनीं काढावीं लागलीं. त्यापूर्वीं २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला होता. गोसेखुर्द धरणाचे तेहतीस दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहराचे सखल भाग व गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील कित्येक गांवें पाण्यांत सांपडलीं. विदर्भांत नाव ही आतां केवळ ढिवरांच्या पोटाची किंवा तलावावरील सहलीची वस्तु राहिलेली नाहीं. असा पूर ओसरला म्हणजे एखादी ग्रामपंचायत, एखादी मच्छीमार सहकारी संस्था किंवा एखादें मंडळ नाव आणि तिच्यामागें टांगावयाचें आउटबोर्ड इंजिन घेण्याचें मनावर घेतें. घ्यावेंच. पण तें घेतांना काय होतें तें पाहण्यासारखें आहे.

चार ठिकाणांहून भाव मागवितात. अश्वशक्ति किती, पेट्रोल किती खातें, हमी किती वर्षांची, हें सारें बारकाईनें तपासतात. पंख्याचा रकाना त्या कागदावर नसतोच. लहान इंजिनाबरोबर पेटींत एक पंखा आलेला असतो, तो बसवितात. मोठ्या इंजिनाला तो वेगळा घ्यावा लागतो, तेव्हां दुकानांत जो शिल्लक असेल तो घेतात. मग एका प्रसन्न सकाळीं शांत तलावावर चांचणी होते. नावेंत दोन माणसें, टाकींत थोडेंसें पेट्रोल. नाव पाण्यावर उचलली जाते, पांढरी रेघ काढीत धांवते, कांठावरचीं मंडळी टाळ्या वाजवितात, आणि कागदावर सह्या होतात. या चांचणींत एवढेंच सिद्ध झालेलें असतें कीं, रिकामी नाव शांत पाण्यांत वेगानें जाते.

हा दोष केवळ खरेदी करणाऱ्यांचा नाहीं. आउटबोर्ड इंजिनाच्या जन्मांतच त्याचें मूळ आहे. पूर्वीं जहाज आणि त्याचा पंखा यांचा विचार एकत्र होत असे. इंग्लंडांत फ्रान्सिस पेटिट स्मिथ यानें १८३६ सालीं मळसूत्री पंख्याचें पेटंट घेतलें आणि कालव्यांत एका लहान नावेवर त्याचे प्रयोग आरंभिले. त्याचें पहिलें मळसूत्र लाकडी होतें, दोन पूर्ण वेढ्यांचें. १८३७ सालीं चांचणी चालू असतां तें कशालासें अडखळून अर्धें तुटलें. नाव थांबावी, तों ती उलट अधिक वेगानें चालूं लागली! अधिक आटे म्हणजे अधिक ओढ ही समजूत त्या एका अपघातानें मोडली. पुढें १८४५ च्या एप्रिलांत ब्रिटिश आरमारानें ‘रॅटलर’ हें पंख्याचें आणि ‘अलेक्टो’ हें बाजूच्या चाकांचें अशीं जवळजवळ सारख्या शक्तीचीं दोन जहाजें पाठीला पाठ लावून बांधलीं व विरुद्ध दिशांना हांकलीं. रॅटलरनें अलेक्टोला मागें ओढीत नेलें. चाकांचा काळ सरत आल्याचें तें एक चिन्ह होतें.

तोंवर जहाज बांधणाराच पंखा ठरवीत होता. ही जोडी फुटली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं. नॉर्वेंत जन्मलेला ओले एविनरूड हा कारागीर अमेरिकेंत मिल्वॉकी येथें राहत असे. भावी पत्नीसाठीं आइस्क्रीम आणावयास तो तलावांतून वल्हीं मारीत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलें, आणि त्या वैतागांतून त्याला इंजिनाची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९०९ पासून त्यानें आपलीं इंजिनें विकावयास काढलीं. अशीं इंजिनें करणारा तो पहिलाच नव्हता, परंतु त्यानें तीं घरोघर पोंचविलीं. इंजिन, दांडा आणि पंखा हें सगळें एकत्र, कोणत्याहि होडीच्या पिछाडीच्या फळीला शिकंज्यानें आवळावें आणि निघावें! सोय मोठी झाली. पण त्याबरोबर असें झालें कीं, इंजिन करणाऱ्याला नाव कोणती तें ठाऊक नाहीं, नाव करणाऱ्याला इंजिन कोणतें तें ठाऊक नाहीं, आणि नावेंत किती माणसें बसणार हें दोघांनाहि ठाऊक नाहीं. हें तिन्ही एकट्या घेणाऱ्यालाच ठाऊक असतें. म्हणून पंखा निवडण्याचें काम त्याच्याकडे आलें. तें आपल्याकडे आलें आहे याची त्याला कल्पना मात्र नसते.

आतां पिचकडे वळूं. समजा, इंजिन मिनिटाला ५४०० फेरे फिरतें आणि आंतील दात्यांची योजना दोनास एक आहे. म्हणजे पंखा २७०० फेरे फिरतो. पिच १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर. मिनिटाला सुमारें ८९० मीटर, तासाला ५३ किलोमीटर. हा झाला लाकडांतला हिशेब. पाणी हें लाकूड नव्हे; पंख्याखालून तें निसटतें. हलक्या, धांवत्या नावेंत या हिशेबांतून दहा-वीस टक्के वजा होतात, आणि जड, संथ नावेंत घट निम्म्यापर्यंतहि जाते. तेव्हां मोठा पिच घेतला म्हणजे मोठा वेग मिळाला, असें नव्हे. तो वेग गांठण्याइतके फेरे इंजिनानें काढले पाहिजेत, आणि ते काढतां येतील कीं नाहीं हें ओझ्यावर अवलंबून असतें.

इतवारींतल्या हमालाकडे पाहिलें म्हणजे हें चटकन् उमगतें. रिकाम्या हातानें तो लांब ढांगा टाकीत येतो. पाठीवर पोतें आलें कीं त्याचीं पावलें आंखूड होतात, पण भराभर पडतात. ओझ्याखालीं लांब ढांगा टाकावयाचा आग्रह त्यानें धरला तर तो चार पावलांत बसेल. पिच म्हणजे इंजिनाचें पाऊल. रिकाम्या नावेला तेराचें पाऊल शोभतें. तिच्यांत दहा माणसें बसलीं कीं दहा-अकराचेंच झेपतें.

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेंत एक मर्यादा दिलेली असते: मूठ पूर्ण पिळली असतां फेरे अमुक ते अमुक यांच्या दरम्यान असावेत. पुष्कळ इंजिनांची ती मर्यादा ५००० ते ६००० असते. पंखा योग्य कीं अयोग्य हें सांगणारा याहून चांगला साक्षीदार नाहीं. फेरे मर्यादेच्या खालीं राहिले तर पिच जास्त आहे. इंजिन कण्हत चालतें, तापतें, आंत काजळी धरतें, आणि छापील अश्वशक्तीचा मोठा भाग त्याच्या पोटांतच राहतो. फेरे वर गेले तर पिच कमी आहे. इंजिन मोकाट सुटतें आणि झिजतें. पिचमध्यें एक इंचाचा फरक केला कीं फेऱ्यांत दीडशें ते दोनशेंचा फरक पडतो, हा कारागिरांचा ठोकताळा. समजा, भरलेल्या नावेंत तेराचा पंखा लावून फेरे ४६०० वरच अडले. ते ५२०० वर आणावयाचे तर सहाशें हवेत. म्हणजे तीन इंच कमी, दहाचा पंखा. नाव रिकामी असतांना हाच पंखा मर्यादा ओलांडूं पाहील, तेव्हां मूठ थोडी सैल ठेवावी म्हणजे झालें. ओझ्याखालीं दमलेल्या इंजिनाला मात्र मूठ कितीहि पिळली तरी उपाय नसतो.

पुराच्या रात्रीं याचा अर्थ काय होतो? भरलेल्या नावेचा वेग शांत पाण्यांत ताशीं नऊ किलोमीटर आणि समोरून येणारी धार सातची, असें धरावें. नाव पुढें सरकते ताशीं दोन किलोमीटरांनीं. अर्ध्या किलोमीटरला पंधरा मिनिटें लागतात. योग्य पंख्यानें तोच वेग बारावर नेला तर उरतात पांच, आणि तेंच अंतर सहा मिनिटांत तुटतें. नऊ मिनिटें वांचतात. छपरावर राहिलेलीं माणसें दुसऱ्या खेपेची वाट पाहत असतात. शिवाय बचावाची नाव जातांना हलकी आणि येतांना जड असते. जिच्यासाठीं ती घेतली ती खेप परतीची. पंखा त्या खेपेसाठीं निवडावयाचा, चांचणीच्या सकाळसाठीं नव्हे.

म्हणून चांचणी भरल्या नावेनेंच घ्यावी. त्यासाठीं माणसें धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं. आठ माणसांचें वजन सरासरीं पासष्ट किलो धरलें तर ५२० किलो होतें. पन्नास-पन्नास किलो वाळू भरलेलीं दहा पोतीं म्हणजे जवळजवळ तेवढेंच. बारदानाला इतवारींत तोटा नाहीं. नावेवर लिहिलेल्या भाराच्या मर्यादेंत राहून, वजन सारखें पसरून, चालविणाऱ्यानें अंगांत तरंगतें जाकीट घालून, कांठाजवळच मूठ पूर्ण पिळावी आणि फेरे मोजावे. लहान इंजिनाला फेरे दाखविणारें यंत्र नसतें. परंतु ठिणगीच्या तारेभोंवतीं गुंडाळावयाचें एक लहानसें मोजणीचें साधन बाजारांत मिळतें आणि तें महागहि नाहीं. भाव मागवितांनाच एक ओळ लिहावी: भरल्या नावेच्या चांचणींत फेरे मर्यादेंत न बसल्यास पंखा बदलून द्यावा. इंजिनाच्या किमतीपुढें अल्युमिनियमचा पंखा म्हणजे थोडक्यांतला सौदा. ही अट घातल्यानें कोणी व्यापारी पाठ फिरवील असें वाटत नाहीं. आणि चांचणी ज्या गांवीं नाव राहणार तेथेंच घ्यावी. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंच आहे. हवा तेथें किंचित् विरळ असते, उन्हाळ्यांत तापलेलीहि असते, आणि समुद्रकांठीं मोजलेल्या शक्तींतून तीनएक टक्के तिनेंच खाल्लेले असतात.

व्यासाबाबत फारसें बोलण्याचें कारण नाहीं. तो इंजिनाची शक्ति आणि दात्यांची योजना यांवरून कारखान्यानेंच ठरविलेला असतो, आणि एका इंजिनाला बसणाऱ्या पंख्यांत तो थोडासाच बदलतो. पात्यांचें मात्र पाहावें. तीन पात्यांचा पंखा सर्वसाधारण कामाला पुरतो. चार पात्यांचा पाणी अधिक घट्ट धरतो, ओझें लवकर उचलतो, वळणावर कमी घसरतो; त्याबद्दल माथ्याचा थोडा वेग द्यावा लागतो. बचावाच्या नावेला हा सौदा फायद्याचाच.

धातूच्या निवडींत मात्र लोक फसतात. स्टेनलेस स्टीलचा पंखा चकचकीत, मजबूत, पातळ पात्यांचा आणि अल्युमिनियमपेक्षां बराच महाग. खोल, मोकळ्या पाण्यांत तो उत्तम यांत शंका नाहीं. पण पुराच्या पाण्याखालीं काय असतें? दुभाजक, बुडालेल्या मोटारी, कुंपणाच्या तारा, तुटलेल्या फांद्या. अल्युमिनियमचें पातें आदळलें तर वांकतें किंवा तुटतें, आणि तेवढ्यावर बहुधा निभावतें. पोलादाचें पातें वांकत नाहीं, तो धक्का आंतल्या दांड्याला आणि दात्यांना पोंचतो. पंख्याच्या तुंब्यांत रबराचें अस्तर असतें, जोराचा धक्का बसला कीं तें सरकावें आणि दाते वांचावे, ही योजना. अगदीं लहान इंजिनांत त्याच्या जागीं मऊ धातूची एक खीळ असते. मोडण्यासाठींच ती केलेली. ती एकदां मोडली कीं आमच्याकडचा हुषार माणूस तिच्या जागीं लोखंडी खिळा ठोकतो आणि ‘आतां मोडणार नाहीं’ असें अभिमानानें सांगतो. तो खिळा खरोखरच मोडत नाहीं. पुढच्या दगडावर दाते मोडतात.

पंखा योग्य असूनहि कधीं कधीं इंजिन एकदम ओरडतें आणि नाव जागच्या जागीं राहते. पंख्याला पाण्याऐवजीं हवा मिळाली, हें त्याचें कारण. इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या वर, एक आडवी पट्टी असते. ती नावेच्या तळाच्या पातळींत किंवा जेमतेम इंचभर खालीं यावी. पायाची लांबी आंखूड म्हणजे १५ इंचांची किंवा लांब म्हणजे २० इंचांची असते. नावेची पिछाडी २० इंचांची आणि इंजिन आंखूड पायाचें घेतलें, तर कोणताहि पंखा लावला तरी तो हवाच कापणार. घरून निघतांना दोरीनें ही एक उंची मोजून न्यावी.

हवेच्या या घोटाळ्यासारखाच दिसणारा, पण निराळा, एक प्रकार आहे. पातें फार वेगानें फिरलें कीं त्याच्या पाठीमागचा दाब इतका उतरतो कीं पाणी थंड असूनहि तेथें वाफेचे बुडबुडे होतात. पंख्याची पकड सुटते, आणि ते बुडबुडे फुटतांना धातूला खड्डे पाडतात. चार्ल्स पार्सन्स याच्या ‘टर्बिनिया’ या १८९४ सालच्या बोटीला यानेंच छळलें. नवें टर्बाइन बसवूनहि तिचा वेग वीस नॉटांपर्यंत पोंचेना. पार्सन्सनें पाण्याची एक बंद टाकी करून लहान पंख्यावर हे बुडबुडे डोळ्यांनीं पाहिले. मग यंत्रांची मांडणी बदलली, एका दांड्याऐवजीं तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन पंखे बसविले; आणि १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनांत ती बोट चौतीस नॉटांच्या वेगानें साऱ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. गांवच्या नावेला हा रोग सहसा बाहेरून जडतो: पात्याच्या कडेला पडलेल्या खांचेंतून. ती खांच कानशीनें साफ न करतां तसेंच इंजिन चालवीत राहिल्यास चांगलाहि पंखा वाईट होतो.

एक गोष्ट तरीहि राहते, आणि ती फार गंभीर आहे. बचावाच्या नावेभोंवतीं माणसें पाण्यांत असतात. पंख्याभोंवतीं बसवावयाची जाळीदार कडी मिळते. तिनें वेग कमी होतो, तींत गवत आणि जलपर्णी अडकते, आणि पंख्याची निवडहि तिच्यासह चांचणी घेऊनच करावी लागते. तरी वस्तींतल्या पाण्यांत ती असावी हेंच बरें. कडी असो वा नसो, माणूस नावेच्या जवळ येतांच इंजिन बंद करावें. चालविणाऱ्याच्या मनगटाला अडकविलेली, ओढली जातांच इंजिन थांबविणारी दोरी आवळपट्टीसारखी नेहमीं बांधलेली हवी. पुष्कळ ठिकाणीं ती नव्याच्या नवी, पिशवींत गुंडाळलेली दिसते.

आणि पंखे दोन घ्यावे. दुसरा भरल्या नावेचा, पहिल्याच मापाचा. शोभेचा नव्हे, मोडीवर बसविण्याचा. त्याच्यासोबत एका पिशवींत पाना, पक्कड, नवीन कॉटर पिना, आणि पंख्याच्या मागेंपुढें बसणारे वॉशर असावेत, आणि ती पिशवी नावेलाच बांधलेली असावी. नायलॉनचा धागा दांड्याभोंवतीं गुंडाळला जाऊन आंतली तेलाची सील कापतो; म्हणून पंखा काढला कीं बोटानें तेथें चांचपून पाहावें, धागा असेल तर सोडवावा, आणि दांड्याला ग्रीस लावूनच नवा पंखा चढवावा. पावसाळ्यापूर्वीं एका संध्याकाळीं, अंधार पडल्यावर, नाव चालविणाऱ्या दोघांनीं हें काम करून पाहावें. आधीं इंजिन बंद करून ती मनगटाची दोरी काढून घ्यावी. मग इंजिन वर उचलावें, पातें फिरूं नये म्हणून त्याच्या आणि वरच्या पट्टीच्या मध्यें लाकडाचा ठोकळा घालावा, पिन सरळ करून ओढावी, नट सोडावा. पंख्यामागचा मोठा वॉशर तेव्हांच निसटून पाण्यांत पडतो, आणि त्याच्यावांचून दुसरा पंखा बसत नाहीं. म्हणून नट सोडण्याआधीं पंख्याखालीं जुन्या धोतराचा तुकडा दोघांनीं ताणून धरावा.